अर्थिंगचा खड्डा

८ जानेवारी १९८६

आज सातवीला विजेचा धडा सुरू केला. विजेचा दाब समजावताना मी दरवर्षी पाण्याच्या टाकीचं उदाहरण देते. टाकी जितकी उंच, तितका खाली नळाला जोर. तसाच विजेचा दाब असतो, तो व्होल्टमध्ये मोजतात. नळातून एका सेकंदात किती पाणी वाहतं, तशी विजेची धारा, ती अँपिअरमध्ये. पाइप बारीक असला, आत गाळ बसला की पाणी अडतं. तारेतही धारा अशीच अडते, त्याला रोध म्हणायचं. तो ओहममध्ये.

फळ्यावर टाकी काढली, नळ काढला, नळातून धार काढली. मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, टाकीत एवढं पाणी कुठलं दावलंय?" वर्ग हसला. मीही हसले. उदाहरण बदलायला हवं, पण दुसरं सुचत नाही.

घरी आले तर तुळजापूरहून अंबूचं पत्र. फ्रॉक आखूड होतात, बाबांना कळत नाही, काकू हसते. चौदाव्या वर्षी पोरीने आईला असल्या गोष्टी टपालाने विचारायच्या. ती नऊ वर्षांची असताना मी इकडे आले. बदलीचा अर्ज देऊन जूनमध्ये चार वर्षं होतील.

१३ जानेवारी

मधल्या सुट्टीत पिराजी शाळेत आला. तो सहकारी पाणीपुरवठा संस्थेच्या मोटारीवर असतो. गावात आता ओढ्याकाठची एकच विहीर जिवंत आहे. तिच्यावर साडेसात हॉर्सची मोटार. मोटारीने पाणी हौदात येतं आणि हौदावरून घरटी दोन घागरी मिळतात. वीज येण्याची ठरलेली वेळ नाही. आली की पिराजीने हातातलं टाकून धावायचं. त्याची लेक अयोध्या माझ्या सातवीत आहे. बौद्धवाड्यातल्या मुलींपैकी इथवर टिकलेली ती एकटीच.

चपला बाहेर काढून तो दारातच उभा राहिला. "बाई, एक इचारू का? मोटार चिमटे घेती."

"चिमटे?"

"स्टार्टरच्या पेटीला हात लागला की कोपरापतुर झिणझिण. पयले जरासं व्हतं, आता वाढलंय. लाइनमन म्हनला, अर्थिंग मेलंय. म्हनलं, अर्थिंग म्हंजी काय? तर म्हनला, तुला काय करायचंय, तू बटन दाब."

मी म्हटलं, तो भाग पुढच्या सोमवारी वर्गात आहे, येऊन बसा. सहज बोलून गेले. तो खरंच येईल असं वाटलं नव्हतं.

२० जानेवारी

आला. धुतलेला सदरा, डोक्याला गुंडाळलेलं टापर. दाराजवळ जमिनीवर बसला. मुलं खुदखुदली. एकाने विचारलं, "पिराजी नापास झाला व्हय?" तो म्हणाला, "व्हय, चौथीत. ऱ्हायलेलं पुरं करायलोय." अयोध्या मान खाली घालून बसली होती. नंतर हळूहळू तिने मान वर केली.

विज्ञानपेटीतला गॅल्व्हानोमीटर काढला. बॅटरीचे दोन सेल, दोन तारा, मध्ये काटा. तारांच्या टोकांमध्ये वस्तू ठेवायची. काटा हलला तर ती वाहक, न हलला तर विसंवाहक. खिळा ठेवला, काटा पळाला. खडू, काचेची बांगडी, चिंचोका ठेवले, काटा जागचा हलला नाही. तेवढ्यात मागून पिराजी म्हणाला, "माती घाला की बाई."

बशीत अंगणातली माती घेतली. काटा मेल्यासारखा. माझ्या पेल्यातलं पाणी तिच्यावर शिंपडलं. काटा थरथरला. मग डब्यातलं मीठ कालवलं. काटा सरकला आणि तिथेच उभा राहिला. एवढा शांत वर्ग मी वर्षात पाहिला नव्हता.

मग सांगितलं. मोटारीच्या आतल्या तारेवरचं वेष्टण झिजलं की वीज बाहेरच्या लोखंडात उतरते. म्हणून त्या लोखंडाला जाड तार जोडून ती जमिनीत पुरलेल्या पत्र्यापर्यंत नेतात. पत्र्याभोवती कोळसा आणि मीठ घालतात, ओल ठेवतात. तिथे रोध कमी, म्हणून धारा माणसाला सोडून त्या वाटेने जाते. इतकी जोरात जाते की वितळतार, म्हणजे फ्यूज, वितळते आणि परिपथ तुटतो. वीज बंद.

"आन् भुई कोरडी असंल तर?" पिराजीने विचारलं.

"मग ती वाट अवघड होते."

"मग सोपी वाट कोंची?"

मी उत्तर द्यायच्या आत त्याने स्वतःच्या हाताकडे पाहिलं.

खूप वर्षांनी शिकवल्याचं समाधान वाटलं. घरी येऊन अंबूला चार पानी पत्र लिहिलं.

२८ जानेवारी

पिराजीने संस्थेला अर्ज लिहिला आणि तपासायला मला दाखवला. अर्थिंगच्या खड्ड्यात रोज दोन घागरी पाणी टाकण्याची परवानगी मिळावी, आणि स्टार्टरमध्ये जाड तार घातली आहे ती काढून नेमाची वितळतार बसवावी. 'वितळतार' हा शब्द बरोबर जागी आला होता. मला माझंच कौतुक वाटलं. दोन काने आणि एक वेलांटी दुरुस्त करून दिली.

संध्याकाळी अयोध्या घराशी सांगायला आली. चेअरमन सिद्रामप्पांनी अर्ज वाचला आणि हसून हौदावरच्या बायांना मोठ्याने वाचून दाखवला. म्हणाले, "माणसाच्या घशाला न्हाय आन् हा खड्ड्याला मागतोय."

६ फेब्रुवारी

सिद्रामप्पा शाळेत आले. मुलांसाठी आठवड्याला एक टँकर देऊ म्हणाले. जाता जाता माझ्यापाशी थांबले.

"पिराजीला शिकवायलाव म्हनं बाई. चांगलंय. फकस्त शिकलेला मानूस अर्जच लई करतो."

मी म्हटलं, त्याची शंका रास्त आहे.

"आसंल की. म्या कुठं न्हाय म्हनतो. यंदाचं साल निघू द्या." मग आवाज उतरवून म्हणाले, "तुमची लेक तुळजापुरात हाय न्हवं? आमचे व्याही शिक्षण समितीवर हायेत. पाच वर्सं इथं हायेत तुमी, कधी बोललाच न्हाईत."

किती साधेपणाने विचारलं. या गावात माझ्या लेकीची चौकशी करणारं पहिलंच माणूस. मी त्यांना काही मागितलं नाही, हे इथे लिहून ठेवते.

१७ फेब्रुवारी

पिराजी स्वतःच्या घरच्या दोन घागरींपैकी एक खड्ड्यात ओततो आहे. आठ दिवस झाले. अयोध्या वर्गात येते तेव्हा तिचे ओठ फुटलेले असतात, केसांत धूळ. तिला पेलाभर पाणी दिलं. तिने अर्धंच प्यायलं आणि उरलेलं भरून न्यायला बाटली मागितली.

मी विचारलं, "आता चिमटे घेते का गं मोटार?"

"कमी झालंय बाई. दादा म्हनत्यात, काटा हालायलाय." बापाला ती दादा म्हणते.

२२ फेब्रुवारी

मी ज्यांच्या घरी भाड्याने राहते त्या मथुराबाईंनी सकाळीच तोंड सोडलं होतं. "आमी वाटीवाटीनं घेतो आन् त्यो मेला भुईत वततो. मीठ बी टाकतो म्हनं. मीठ कशाला टाकत्यात, म्हाईत न्हाय व्हय आमाला? काय तरी करनी करून ठिवायलाय हिरीवर."

मी म्हटलं, तसं काही नसतं हो.

दुपारी हौदावर गेले तर पंधरा-वीस बाया पिराजीला घेरून उभ्या. त्याच्या हातात अर्धी घागर. सिद्रामप्पा हौदाच्या कट्ट्यावर पाय सोडून बसलेले. मथुराबाईंनी मला पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्या बघा बाई आल्या. ह्यास्नीच इचारा. बाई, भुईला पानी पाजलं तर करंट निवतो व्हय? सांगा की सगळ्यास्नी."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. पिराजीही. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव होता. आता बाई सांगतील.

सिद्रामप्पा मंद हसत म्हणाले, "सांगा बाई. तुमचं समदे ऐकत्यात."

मी म्हटलं, "पुस्तकात अर्थिंगला ओल लागते असं आहे. पण टंचाईचे दिवस आहेत. पाण्याचं काय करायचं ते संस्थेने आणि सभासदांनी ठरवावं."

दोन्ही वाक्यं खरी आहेत. कितीही वेळा तपासली तरी खरीच आहेत.

पिराजीने उरलेलं पाणी मथुराबाईंच्या घागरीत ओतलं. त्याच्या घागरीतलं पाणी म्हणून त्यांनी ते लगेच उपडं केलं. ते जिथे पडलं तिथे खड्डा नव्हता. बायांनी खड्ड्यावर बाभळीच्या फांद्या टाकून वर धोंडे ठेवले.

११ मार्च

आज सव्वाबाराला वीज आली. शाळेत आरडाओरडा ऐकू आला. पिराजी स्टार्टरला चिकटला.

हौदावरची माणसं त्याला ओढायला धावली होती. अयोध्या सुट्टीत घागर घेऊन तिथेच होती. तिने कोणाला हात लावू दिला नाही. कावडीची वाळलेली दांडी घेतली आणि बापाच्या मनगटावर मारत राहिली, हात सुटेपर्यंत. मग त्याच दांडीने पेटीचं बटण खाली केलं. बघणारे सांगतात की ती ओरडत होती, "लाकूड विसंवाहक हाय, लाकूड आना." लोकांना वाटलं, पोरीचं डोकं फिरलं.

संस्थेच्या जीपमधून त्याला उस्मानाबादला नेलं. जीव आहे.

१४ मार्च

हेडमास्तरांच्या खोलीत बोलावणं आलं. सिद्रामप्पा होते. दुधाचा चहा होता, या दिवसांत. संस्थेला वरच्या कार्यालयात कळवावं लागतं, विज्ञानाच्या शिक्षिकेचं मत जोडलं तर कागदाला वजन येईल, म्हणाले. मजकूर तयारच होता.

'ओल्या हाताने विद्युत उपकरण हाताळल्यास धक्का बसतो. घटनेच्या वेळी पंपचालकाचा हात ओला होता.'

पहिलं वाक्य आमच्या पुस्तकातलं आहे, जवळजवळ शब्दशः. दुसरं मी पाहिलेलं नाही, पण विहिरीवर काम करणाऱ्याचा हात कोरडा कसा असेल? मी विचारलं, खड्ड्याचं काही लिहायचं नाही का? सिद्रामप्पा म्हणाले, "त्यो इषय येगळा हाय बाई. त्येचा येगळा कागद करू."

'विद्युत'मधली वेलांटी चुकली होती. ती दुरुस्त केली आणि सही केली.

रात्र झाली तरी डोळ्यांसमोर अंबूच आहे.

२ एप्रिल

पिराजी परतला. उजव्या हाताची तीन बोटं काढली आहेत. संस्थेने निष्काळजीपणाचा ठपका ठेवून त्याला कामावरून कमी केलं. त्याच्या जागी सिद्रामप्पांचा भाचा बब्रुवान.

शाळा सुटल्यावर तो फाटकाशी थांबला होता. मला पाहून उजवा हात सदऱ्याखाली घेतला. मला वाटलं होतं, तो चिडून बोलेल. मी त्याची तयारीही केली होती.

तो म्हणाला, "बाई, तुमी लिव्हलं ते खरंच हाय. वल्या हातानं धक्का जास्ती बसतो. तुमीच शिकवलंत."

मी हातातल्या वह्या सारख्या केल्या.

"पर ते अर्धंच झालं. खड्डा कोरडा व्हता, म्या अर्ज दिला व्हता, तुमी तपासला व्हता, एवढं एका कागदावर द्या. वीस तारखेला संस्थेची बैठक हाय. ठपका निघाला तर हौदावर बसवत्याल मला, राखनीला. डाव्या हातानं व्हईल तेवढं. न्हायतर गाव सोडावं लागंल. पोरगीची शाळा जाईल."

मी म्हटलं, परीक्षा तोंडावर आहे, ती उरकली की देते.

"द्या सवडीनं," तो म्हणाला. "तुमच्या हातचा असला की मानत्याल."

९ एप्रिल

विहिरीवर नवा अर्थिंगचा खड्डा खणला. कोळशाची पोती, मिठाची पोती, नवा पत्रा. बब्रुवानने टँकरमधून दोन पिंपं पाणी आत सोडलं. बाया पदर डोक्यावर घेऊन बघत होत्या. मथुराबाई घरी आल्यावर मलाच समजावून सांगायला लागल्या, "मोटारीला लागतंय म्हनं बाई. न्हायतर मानसाला धरती ती."

मी म्हटलं, हो, लागतं.

१६ एप्रिल

सातवीचे पेपर तपासते आहे. पेपर मी जानेवारीतच काढून दिला होता. चौथा प्रश्न: अर्थिंगचे कार्य लिहा. गुण पाच.

अयोध्याचं उत्तर सहा ओळींचं आहे. लोखंडी आवरण, जाड तार, पत्रा, कोळसा, मीठ, ओल, कमी रोध, वितळतार. सगळं आहे. एकही शब्द जास्तीचा नाही. मी शोधला. तीन वेळा वाचून शोधला. पाचपैकी पाच दिले.

२० एप्रिल

आज बैठक होती. सकाळपासून माझं डोकं दुखत होतं, म्हणून गेले नाही. कागद लिहायला घेतला होता. 'मी खाली सही करणार' इथपर्यंत लिहिला आणि जुन्या कागदावरची माझीच सही आठवली. दोन सह्या शेजारी ठेवल्या तर लोक काय म्हणतील? बाईंचं खरं कोणतं, असंच विचारतील. मग शाळेत मुलांसमोर कोणत्या तोंडाने उभी राहू?

मथुराबाई बैठकीहून आल्या. म्हणाल्या, "त्यो पिराजी म्हनला, बाईंचा कागद येनार हाय, वाईच थांबा. थांबले की समदे. अप्पा बी थांबले, पान खाऊन झालं त्येंचं. न्हाय आला कागद. मग केला ठराव."

मी विचारलं, किती वेळ थांबले?

"व्हता की आर्धा तास."

घरापासून बैठकीची चावडी पाच मिनिटांवर आहे.

२३ एप्रिल

अयोध्या घरी आली. उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली. म्हणाली, "दादांनी सांगितलंय, ठरावावर अपील करता येतं. कळंबच्या कचेरीत. महिन्याच्या आत. कागद मिळाला तर दादा स्वतः घेऊन जातील." पुस्तकातली भाषा ती माझ्याशी बोलताना वापरते, नेहमीच.

मी म्हटलं, हो गं, लिहिलाच आहे, फक्त नीट उतरवून काढायचा आहे.

ती "बरं बाई" म्हणाली. पाणी विचारलं, नको म्हणाली.

२९ एप्रिल

बदलीचा हुकूम आला. तुळजापूर. दोन तारखेला इथून मोकळं करायचं आहे. कागद हातात घेऊन मी खाली बसले आणि रडले. पाच वर्षं. अंबूच्या वेण्या आता मी घालणार.

मथुराबाईंनी विचारलं, "येडाईला नवस बोलला व्हता काय?" मी हो म्हणाले. काहीतरी सांगायलाच हवं होतं.

सिद्रामप्पांना भेटून आभार मानले. ते म्हणाले, "म्या काय केलं बाई? तुमचा हक्कच व्हता." खरंच होता. चार वर्षांपूर्वीचा अर्ज आहे, त्यावर तारीख आहे. याचा त्या चौदा मार्चशी काही संबंध नाही. असता तर हुकूम मार्चमध्येच आला असता.

२ मे, तुळजापूर

सकाळी उठून पिराजीचा कागद उतरवून काढला. चांगलं अक्षर काढलं. खड्डा कोरडा होता हे मला ठाऊक होतं, अर्ज मी तपासला होता, कोरड्या मातीचा रोध जास्त असतो हे मी स्वतः वर्गात दाखवलं होतं, हात कोरडा की ओला हे मी पाहिलेलं नाही. सगळं लिहिलं. इतकं स्वच्छ मी या वर्षात काही लिहिलं नव्हतं. लिहून झाल्यावर फार हलकं वाटलं. मग पेन ट्रंकेत ठेवलं आणि ट्रंकेला कुलूप घातलं.

फाट्यावर अयोध्या आली होती. हातात नारळ नाही, काही नाही, नुसती आली होती. मी कागद दिला. तिने तिथेच उभ्या उभ्या सगळा वाचला. ओठ हलत होते तिचे. वाचता वाचता तिचा चेहरा बदलत गेला आणि मला वाटलं, झालं, आता काही उरलं नाही.

मग ती म्हणाली, "बाई, खाली सही ऱ्हायली."

मी म्हटलं, "अगं हो. पेन ट्रंकेत गेलं बघ. तुळजापूरहून टपालाने दुसरी प्रत पाठवते, सही करून."

तिने दप्तरात हात घालून शाईचं पेन काढलं. टोपण उघडून माझ्यापुढे धरलं. "माझं हाय की बाई."

तेवढ्यात बस आली. ट्रंक टपावर गेली. माझ्या हातात पेन होतं, तिच्या हातात कागद. तिने कागद दप्तरावर ठेवला, दप्तर दोन्ही हातांनी माझ्यासमोर आडवं धरलं, टेबलासारखं. कंडक्टर म्हणाला, "बाई, चढायचं हाय का न्हाय? पुढं येरमाळ्यात गर्दी हाय."

मी चढले. खिडकीतून पाहिलं तर ती दप्तर तसंच आडवं धरून उभी होती. ओरडली नाही. बसच्या मागे धावलीही नाही.

हे तिच्याच पेनाने लिहिते आहे. निब चांगली आहे, कुठे अडकत नाही. मघाशी अंबूने विचारलं, "आई, हे कोणाचं गं?" मी म्हटलं, एका विद्यार्थिनीने आठवण म्हणून दिलं.